वहिनीचा एकच साहेब

दादाचा फोन आला तेव्हा मी काउंटरवर होते. समोर एक म्हातारे गृहस्थ उभे होते आणि त्यांचं पासबुक मशीनमध्ये अर्धं छापून झालं होतं. "वैशाली राहिली नाही," दादा म्हणाला. सुरतेजवळच्या सचिन गावी, कारखान्यात, सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं सगळं. मी "बरं" म्हटलं. खरंच, "बरं" म्हटलं. मग पासबुक बाहेर आलं ते त्यांना दिलं, पुढच्या बाईंचा चेक घेतला, आणि त्यानंतर मॅनेजरांना सांगून निघाले. बारडोलीहून सुरतेच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, तर मिळाली म्हणून बरंही वाटलं… आज लिहिताना हे विचित्र वाटतं, पण तसंच झालं. रडू तेव्हा आलं नाही. एवढे आठवडे गेले, अजून नीटसं आलेलं नाही.

वैशालीवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आमचं मूळ गाव दोंडाईच्याजवळ, पण आम्ही भावंडं सुरतेतच वाढलो, उधन्याच्या एका खोलीत. नाना, म्हणजे माझे वडील, लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला. पुढे दादाही कडोदऱ्याला लूमवरच. वहिनी गावाकडून दहावी होऊन या खोलीत आली तेव्हा मी अकरावी कॉमर्सला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली आणि पदवी घेतलेलीही मीच पहिली. हे मी मिरवते, मिरवायला लाजत नाही. पण त्या अकरावी-बारावीचा अभ्यास मी एकटीने केलेला नाही. मराठी शाळेतून मी एकदम गुजराती माध्यमात गेले होते. धड्यातलं एकेक वाक्य मोठ्याने वाचायचं आणि मराठीत करून स्वतःलाच सांगायचं, अशी माझी पद्धत. वहिनी भाकरी थापता थापता ऐकायची. एक दिवस म्हणाली, "ताई, ते कालचं अर्धं राहिलं. आयोजन झालं, पुढचं काय?" मी वयाने लहान, पण नणंद म्हणून ती मला ताई म्हणायची. पुढच्या वर्षी माझ्याबरोबर तिनेही बाहेरून बारावीचा फॉर्म भरला. पेपर मराठीतून लिहायची सोय होती. दादाने कपाळाला हात लावला, पण फी भरली.

तिला सगळ्यात आवडायचा तो संचालनाचा विषय, ज्याला आता पोरं मॅनेजमेंट म्हणतात. बाकीचे विषय ती पाठ करायची, हा तिला घरातच दिसायचा. त्यात एक तत्त्व होतं की एका माणसाला हुकूम देणारा एकच असावा. दोघातिघांनी हुकूम दिले की काम बिघडतं आणि माणूसही. ते मी वाचून दाखवलं आणि वहिनी पोळपाटावर हात टेकून हसतच सुटली. "मला किती साहेब आहेत, मोजा ताई. आत्या, नाना, तुमचे दादा, आणि तुम्ही!" आत्या म्हणजे माझी माय, तिची सासू.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मायसमोर बसून सांगितलं, "आत्या, या घरात मी फक्त तुमचं ऐकणार. दुसऱ्या कोणी काम सांगितलं तर करणार नाही." मायला हा केवढा मान वाटला! शाळेचं तोंड न पाहिलेली माझी माय त्या दिवशी एकदम साहेब झाली. दादाने पाणी मागितलं की आतून आवाज यायचा, "तिले मीच सांगसू. बाकी कोणी सांगानं नही!" दादा म्हणायचा, "आता पाण्यालाही अर्ज करू का?" नाना चपला घालता घालता पुटपुटायचे, "लूमवर सेठ, घरात ही." माय सकाळी एकदा कामं सांगायची आणि विसरून जायची. त्यामुळे दुपार वहिनीच्या हाती रिकामी लागायची. त्या दुपारीच तिने अख्खं पुस्तक संपवलं. नियम पुस्तकातला होता हे फक्त आम्हा दोघींना माहीत होतं, आणि आम्ही एकमेकींकडे पाहून ओठ दाबायचो.

मग मार्चात परीक्षेचं वेळापत्रक लागलं आणि नेमका संचालनाच्या पेपरच्या दिवशी मामाच्या मुलीचं लग्न निघालं, गावाकडे. सून बरोबर नसली तर माहेरात चार बाया काय म्हणतील, हा मायला घोर. तिने सांगितलं, चलायचं. दादा म्हणाला, तिला राहू दे, पेपर आहे. नानाही म्हणाले. मायने दोघांना तेच ऐकवलं, माझ्याशिवाय तिला कोणी सांगायचं नाही. जे वहिनीच्या बाजूने होते त्यांच्या शब्दाला त्या घरात किंमतच उरली नव्हती, आणि ती वहिनीनेच काढून घेतलेली. मी तिला मोरीपाशी गाठलं. "वहिनी, तू बोल ना मायशी."

"काय बोलू? आज मी नाही म्हटलं की नियम मोडला. उद्यापासून परत चार साहेब."

"अगं, पण वर्ष जाईल."

ती भांडी विसळत राहिली. "बॅगेत माझं हिरवं पातळ टाका," एवढंच म्हणाली. दोन्ही बाया भुसावळ पॅसेंजरने गेल्या. मी पेपरला बसले. हुकूम एकाचाच असावा, या तत्त्वाचे फायदे लिहा, असा प्रश्न होता. फायदे भराभर लिहिले. तोटे विचारलेच नव्हते.

लग्नात काय झालं ते वहिनीनेच पुढे मला कितीदा सांगितलं, हसत हसत. मामा मांडवात मिरवत होते की त्यांची मुलगी बारावी झालेली आहे. मग मायकडे वळून म्हणाले, "तुझी सून किती शिकली, अक्का?" मायने मान वर करून सांगितलं, "बारावी." वहिनी शेजारीच उभी. हळूच म्हणाली, "नाही आत्या. दहावीच. बारावीचा पेपर आत्ता चालू असेल." माय हसली. म्हणाली, एक पेपर बुडाला तर काय झालं, बाकीचे दिलेस ना? वहिनीने सांगितलं, एक बुडाला की नापास. तर माय तिथेच मांडवात भांडायला उभी राहिली, "खाडा पडना ते एक दिननी हाजरी जाई, नापास कशी व्हई?" आता हे तिला कोण समजावणार होतं? जन्मभर तिने नानांचे खाडे पाहिले होते. ज्या दिवशी लूमवर गेलं नाही त्या दिवसाचा पगार कापला, बाकीचे दिवस आपल्या जागी शाबूत. परीक्षाही तशीच असते असं तिने धरलं होतं. आणि तशी ती नसते हे कोणाला तोंडाने सांगावं लागेल, असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं.

परतल्यावर माय दोन दिवस वहिनीला एकही काम सांगेना. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी वहिनीला म्हणाली, "आते तुले कोणी सांगानं नही. मी बी नही." पावसाळ्यात पुरवणी परीक्षा झाली. माय तिच्याबरोबर केंद्रावर गेली आणि पेपर सुटेपर्यंत फाटकाबाहेर छत्री धरून बसून राहिली. वॉचमनने हटकलं तर त्याला म्हणाली, सुनेचा खाडा पडू द्यायचा नाही. वहिनी पास झाली. मला त्या विषयात तिच्यापेक्षा कमी मार्क होते, हेही सांगून टाकते.

पुढे मी कॉलेजला गेले, बँकेत लागले, लग्न होऊन बारडोलीला आले. वहिनी सचिनला साड्यांच्या पॅकिंगमध्ये लागली आणि काही वर्षांनी त्या खात्याची प्रमुख झाली. तिथल्या बाया वहिनीच्या गंधमुक्तीला, म्हणजे उत्तरकार्याला, आल्या होत्या. त्यांतली एक मला म्हणाली, "बेन, सेठ आम्हाला डायरेक्ट काही बोलला ना, तर वहिनी त्याच्याशी भांडायच्या. म्हणायच्या, बोलायचं ते मला बोला." मी मान हलवली. त्यांना चहा दिला. साखर कमी पडली का विचारलं.

घरात मात्र कारभार उलटाच झाला होता. त्या पुरवणी परीक्षेनंतर माय रोज सकाळी आंघोळ करून यायची, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसायची आणि वहिनीला विचारायची, "आज काय करू वं?" वहिनी कारखान्यात निघायच्या गडबडीत सांगायची, आत्या, शेंगा सोला. आत्या, आज तुम्ही काहीच करू नका, पाय शेकत बसा. माय तेवढंच करायची. जास्त नाही, कमी नाही. मी माहेरी आले की हे पाहून गालातल्या गालात हसायचे.

पाहुणे गेल्यावर मी चार दिवस तिथेच राहिले. सकाळी माय आंघोळ करून आली, उंबऱ्याशी बसली. दादा मेथीच्या दोन जुड्या ठेवून कामाला गेला होता. जाताना तो म्हणाला होता, "माय, मेथी निवड." ती बसूनच होती. थोड्या वेळाने नानांनीही तेच सांगितलं. मग मी जवळ जाऊन म्हटलं, "माय, मेथी निवडतेस का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, काही नव्हतं. "तू नको सांगू," म्हणाली.

दुपारपर्यंत मेथी पाट्यावर सुकत पडली. मी तिच्या बाजूला भिंतीला टेकून बसले होते. हात पुढे केला असता तर जुडी उचलता आली असती… मला कोणी सांगितलं नव्हतं.