आलेखात नसलेला सडका कांदा

११ जुलै २००४, रविवार. निमगाव सावा येथे धाकट्या भावाच्या कांदाचाळीपुढे व्यापाऱ्याने क्विंटलला ४१० रुपये भाव सांगितला. हजर चौघे: व्यापारी, भाऊ, भावजय आणि मी. माल अंदाजे नव्वद क्विंटल, म्हणजे ३६,९०० रुपये. भावजयीला वरच्या रानात पाइपलाइन न्यायची होती. तिचा खर्च पस्तीस हजार. या भावाला माल द्यायला ती तयार होती. भाऊ म्हणाला, "उद्या सांगतो." त्याला आधी माझा आलेख पाहायचा होता.

सात वर्षे मी ओतूरच्या बाजारातले कांद्याचे भाव वहीत टिपत होतो. कॉम्प्युटर घेतल्यावर ते त्यात भरले. रेघेवर माउसचा बाण नेला की त्या दिवसाचा भाव दिसे. नको ते साल झाकता येई.

दुपारी भाऊ-भावजय जीपने नारायणगावला माझ्या घरी आले. मी एकेक साल उघडून दाखवले. सातांपैकी पाच वर्षांत जुलैनंतर रेघ चढलेली. दिवाळीची सरासरी ५२०.

"बघ," भाऊ बायकोला म्हणाला, "पाइपच काय, मोटारबी नवी घिऊ."

ती माझ्याकडे वळली. "दादा, दिवाळीला नव्वदच क्विंटल ऱ्हातंय व्हय?"

"आता कॉम्प्युटरलाबी सडका कांदा निवडायला बसव," भाऊ म्हणाला.

"तुमी कवा बसला का? मंग त्याला कशाला तरास."

भाऊ हसला. मला हसू आले नाही. सात वर्षांत मी वजनाचा रकाना केलाच नव्हता.

तिला विचारले. सध्या आठवड्याला पाच पाट्या सडका निघतो, भादव्यात दहा-बारा. पाटी वीस किलोची. शिवाय सुकून घट येते ती वेगळी. हे सगळे तिला तोंडपाठ होते. मी ते आठवड्यागणिक भरले आणि भाव गुणिले उरलेला माल अशी दुसरी रेघ काढली. दिवाळीला साठ क्विंटल, ३१,२०० रुपये. भाव वर जात होता आणि ही रेघ खाली.

भावाने स्वतः माउस घेऊन बाण शेवटपर्यंत नेला, परत आणला. "लई वंगाळ दिसतंय राव," म्हणाला. "देऊन टाकू."

मंगळवारी काट्यावर माल शहाऐंशी क्विंटलच भरला. व्यापाऱ्याने ३५,२६० रुपये भावजयीच्या हातात दिले. त्यातले पस्तीस हजार तिने त्याच दिवशी पाइपच्या दुकानदाराला दिले.