अप्पांचा अमेरिकेतला वकील

आमच्या अप्पांनी आयुष्यात अमेरिका पाहिली नाही, पण तिथल्या एका काळ्या वकिलाबद्दल ते सख्ख्या थोरल्या भावासारखे बोलायचे. अप्पा तालुक्याच्या कोर्टात वकील, आमच्या वस्तीतले पहिलेच. काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत बसता यावं म्हणून तो वकील गावोगावची कोर्टं पालथी घालायचा, आणि खटला असेल त्या गावात त्याला हॉटेलात खोलीही मिळायची नाही. हे जेवताना इतक्यांदा ऐकलं की दादा आणि मी ताटावरून उठायला निमित्त शोधायचो. वसतिगृहात आमच्या मुलांची पंगत वेगळी बसवतात म्हणून अप्पांनी दावा लावला, तेव्हा युक्तिवादातही त्याला आणलंच. न्यायाधीश हसले म्हणे. दावा मात्र अप्पा जिंकले. पुढे त्यांच्या हट्टापायी मीही एलएल.बी. झाले.

आणि ती डिग्री घेऊन दुबईत केलं काय, तर एका कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटमध्ये करारनामे टाइप केले. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी आणि मुलगी दुबईतच अल कुसैस भागात राहायचो, नवरा नोकरीसाठी लांब वाळवंटात, रुवैसला. कंपनीत रुजू झालं की पासपोर्ट पीआरओकडे, म्हणजे व्हिसाची कामं करणाऱ्या माणसाकडे, जमा करायचा अशी रीत होती. का, असं कुणी विचारत नसे. उलट ‘घरात हरवला तर? तिथे सेफ असतो,’ असं आम्हीच नव्या लोकांना समजावायचो. शेजारच्या टेबलावरच्या इंग्रज बाईचा पासपोर्ट तिच्या पर्समध्येच असायचा. तिच्याकडे कुणी मागितलाच नव्हता.

ईदची सुट्टी लागली आणि दादाचा फोन आला. अप्पांच्या किडन्या थांबल्या होत्या, हॉस्पिटल नको म्हणून त्यांना घरी आणलं होतं. “तुला विचारतायत सारखे. लगेच निघ,” दादा म्हणाला.

मी मॅनेजरच्या घरी फोन लावला.

“मॅडम, कबर्ड की चाबी पीआरओ के पास है, और वो फॅमिली लेके ओमान गया है. सॅटर्डे को ऑफिस खुलेगा, फर्स्ट थिंग आपका काम, खलास. इन्शाल्ला फादर को कुछ नहीं होगा.”

“सर, डुप्लिकेट चाबी?”

“नहीं है, मॅडम.”

त्याला खरंच वाईट वाटत होतं. त्याचाही पासपोर्ट त्याच कपाटात होता.

मुलगी सोफ्यावरून म्हणाली, “मम्मा, इट्स युवर पासपोर्ट. जस्ट टेक इट!” मी तिच्यावर खेकसले.

दादाने अप्पांच्या कानाशी फोन धरला. मी सगळं सांगितलं. मग त्यांचा कोर्टातला आवाज आला, पण अगदी बारीक झालेला.

“कुठल्या कलमाखाली ठेवलाय गं त्यांनी?”

“माहीत नाही, अप्पा.”

“कलम नसेल तर अर्ज कर. लेखी.”

“करते,” म्हणाले. करणार कुणाकडे? ऑफिसला कुलूप, भारतीय वकिलातही बंद. मला अप्पांचाच राग आला, त्यांच्या त्या अमेरिकेतल्या वकिलाचाही आला. ते दोघे कोर्टापर्यंत तरी पोचले होते. माझं घोडं एका लोखंडी कपाटापाशी अडलं होतं, आणि मी घरात येरझाऱ्या घालण्यापलीकडे काहीच करू शकत नव्हते. एवढी हतबल मी कधीच झाले नव्हते.

शुक्रवारी संध्याकाळी अप्पा गेले. “किती वेळ थांबू?” दादाने विचारलं. शनिवारी ऑफिस उघडेल, एवढंच मी सांगितलं. त्यांनी अंत्यविधी आटोपून घेतला.

शनिवारी पीआरओ वेळेवर आला. घाईघाईने कपाट उघडून त्याने पासपोर्टांच्या गठ्ठ्यातून माझा काढला, वर ईदची मिठाई पुढे केली. “यल्ला सिस्टर, जल्दी जाओ. फादर आपका वेट कर रहा होगा.”

मी पोचपावतीवर सही केली, पासपोर्ट घेतला आणि त्याला थँक्यू म्हणाले.