हर्णैच्या तीन संध्याकाळी

आईने साठी ओलांडली तरी समुद्र पाहिला नव्हता. बाबा होते तेव्हा जमलं नाही, पुढे माझ्या शेंद्र्याच्या कारखान्यातल्या नोकरीत रजा मिळेना. शेवटी साहेबांशी भांडून तीन दिवस मिळवले आणि तिला कोकणात हर्णैला घेऊन गेले. समुद्रात बुडणारा सूर्य तिला दाखवायचा आणि त्या उजेडात तिचा एक छान फोटो काढायचा, एवढाच माझा हट्ट होता. त्यासाठी नवा मोबाइलही घेतला होता.

पहिल्या संध्याकाळी मी भाड्याच्या खोलीतून किनाऱ्यावर जायला निघाले, तर आई न्हाणीघरात. बादल्या, तांब्या, पडेगावच्या घरून आणलेल्या बाटल्या, सगळं भरून झालं होतं. आता दशम्यांचा रिकामा डबा नळाखाली होता.

"पाणी आलंय बाई नळाला. सोडून कसं येऊ? तू जा पुढं."

आमच्याकडे नळाला आठवड्याने पाणी येतं, कधी त्याहून उशिरा. त्या दिवशी घरातलं एक माणूस घरीच थांबतं, मग लग्न असो की मयत. खोलीच्या मालकीणबाईंनी तिला समजावलं, "अहो काकू, इथे दिवसभर पाणी असतं. भरून कशाला ठेवता?" आईने मान डोलावली आणि त्यांची पाठ वळताच दुसरी बादली सरकवली. पालथ्या घड्यावर पाणी!

मी एकटीच भटकले. बंदरात होड्या लागत होत्या, बैलगाड्या थेट पाण्यात शिरून मासळी आणत होत्या, किनाऱ्यावर लिलावाचा गलका चालला होता. त्या गर्दीवर पडलेलं पिवळं ऊन मी टिपत राहिले. किती सुंदर होत्या त्या संध्याकाळी! आजही आठवलं की जीव तिकडे ओढतो. परत येऊन आईला सगळे फोटो दाखवले. "लई छान. उद्या येते," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने खोलीतल्या चादरीसुद्धा भिजवल्या. एवढं पाणी हाताशी असताना धुणं राहू द्यायचं तिला पटेना.

तिसऱ्या संध्याकाळी माझा पारा चढला. मी नळ बंद केला आणि ओरडले, "धुणं धुवायला आणलं का तुला इथं?" असं बोलायला नको होतं. ती हात पुसून निघाली. वाळूत तिचे पाय रुतत होते, गुडघे दुखत होते, आणि मी रागाने पुढे पुढे चालत होते. आम्ही पोचलो तोवर सूर्य बुडाला होता.

मी तोंड फुगवून उभी. आई मात्र पाण्यात घोट्यापर्यंत गेली, ओंजळ भरून जिभेला लावली आणि हसत सुटली. "सगळंच खारं हाय व्हय गं? मला वाटलं, कडंकडंचं तरी गोड असंल."

मग तिने पदर सारखा केला, केस मागे घेतले. "काढ की एक माझा."

"उजेड गेला आई. नीट येणार नाही. पुढच्या खेपेला काढू."

तरी ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, माझं मन बदलेल म्हणून.

पुढची खेप झाली नाही. वर्षाच्या आतच आई गेली. तो फोटो अंधारा आला असता, हललेला आला असता, पण आला असता.