भोंगा वाजला, असंच लिहिलंय

भुताखेतांच्या पोस्टखाली "पुरावा द्या" असं लिहिणारी एक बाई असते ना, ती मी. या ग्रुपवरचे जुने लोक ओळखतील मला. आमच्या घरी मेंढ्या होत्या, लहानपणी अर्धं वर्ष उघड्या माळावर झोपण्यात जायचं. भूत दाखवून लेकरांना भिववायला आमच्याकडं कुणाला सवडच नव्हती. त्यामुळं आज मी जे लिहितेय ते वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा. फक्त "तुम्हाला भास झाला" एवढं लिहू नका. ते मी ऐकून घेणार नाही.

मानवतहून पाथरीकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. नाव सांगत नाही. तिथं मी टाइम ऑफिसला आहे. म्हणजे कोण किती वाजता आलं, कधी गेलं, जादा काम किती झालं, हे सगळं माझ्याकडं. फाटकाजवळ अंगठ्याचं मशीन आहे, त्याच्या नोंदीवरून पगारपत्रक निघतं. आमचा माल घेणारे मोठे खरेदीदार दरवर्षी ऑडिटला माणूस पाठवतात आणि तो माणूस सगळ्यात आधी माझ्या टेबलाशी येतो. म्हणून माझा एक हट्ट आहे. मशीनवर जी वेळ पडली तीच राहणार. काही वेगळं घडलं तर शेजारच्या रकान्यात कारण लिहायचं, पण वेळेला हात लावायचा नाही. हे मी मालकालाही तोंडावर सांगितलेलं आहे.

हिवाळ्याचे दिवस होते, कापसाची आवक जोरात. काम सहापर्यंत चालायचं. त्या दिवशी चार नुकतेच वाजून गेले होते. शेडमध्ये बायका कापसातला काडीकचरा वेचत होत्या. जिनिंगच्या मशीनांचा आवाज इतका असतो की शेजारणीशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. मी ऑफिसात बसून हजेरी तपासत होते... आणि भोंगा वाजला.

खालच्या सुरात सुरू झाला, हळूहळू चढत गेला, वर जाऊन तसाच थांबला, आणि मग उतरला. मशीनांच्या वर, अगदी स्वच्छ. गिरण्या-कारखान्यांचा सुट्टीचा असतो तसा.

खरं सांगू? मला काहीच वेगळं वाटलं नाही. अंग सैल पडलं, दिवस संपला असं वाटलं. मी कॉम्प्युटर बंद केला, डब्याची पिशवी उचलली आणि निघाले. बायकाही निघाल्या. मशीनसमोर रांग लागली, एकेक अंगठा लागत होता, मशीन "थँक यू, थँक यू" म्हणत होतं. मीही माझा अंगठा लावला.

बाहेर रस्त्यावर आलो तर ऊन डोळ्यावर. सूर्य अजून बराच वर. आम्ही सगळ्या जागीच थांबलो. समोरच्या हॉटेलवाल्यानं विचारलं, "आज एवढ्या लवकर सुट्टी कशी वो मॅडम?"

"भोंगा झाला की," गयाबाई म्हणाली. गयाबाई आमच्याकडची सगळ्यात जुनी कामगार, मी तिला मावशी म्हणते.

"कुठला भोंगा? आमाला तर न्हाई आला ऐकू."

त्याचं हॉटेल फाटकाच्या अगदी समोर. मधी फक्त रस्ता.

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. आमच्या जिनिंगला भोंगाच नाही. मी लागल्यापासून नाही.

तेवढ्यात आमचे इलेक्ट्रिशियन रहीमचाचा आतून पळत आले. "कुणी बसवला भोंगा? मला न इचारता कुणी बसवला?"

जुन्या मालकाच्या काळात पाण्याच्या टाकीवर भोंगा होता. नव्या मालकानं तो काढून भंगारात दिला. चाचा माझ्यादेखत टाकीवर चढले आणि उतरून म्हणाले, "नुसते गंजलेले नट हायेत मॅडम. मीच उतरवलता ना, ह्याच हातानं. पण आवाज त्योच हाय. शंभर टक्के त्योच."

दुसऱ्या दिवशी मॅनेजर कदम साहेबांनी मला बोलावलं. ऑडिट तोंडावर आलेलं, आणि पूर्ण शिफ्ट मध्येच बाहेर पडल्याची नोंद. साहेबांनी कारण तयारच ठेवलं होतं. "लिहा, गयाबाईनं चिथावणी दिली म्हणून कामगार परवानगी न घेता निघून गेल्या. तिला कमी करून टाकू, विषय संपला."

"असं झालं नाही साहेब. भोंगा वाजला म्हणून निघालो. मीही निघाले."

"मॅडम, कुठाय भोंगा? दाखवा मला."

"भोंगा नाही. पण वाजला."

साहेब हसले. हसू दे. मी टेबलाशी आले आणि त्या दिवसाच्या रकान्यात लिहून टाकलं — भोंगा वाजल्यामुळे कामगार बाहेर पडले. भोंगा कोणी वाजवला ते माहीत नाही.

दुपारी पुन्हा बोलावणं. साहेब चिडले होते. गयाबाई आणि रहीमचाचाही केबिनमध्ये उभे. साहेबांनी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. "आता बघा, कुणी कुणाला उठवलं ते."

आमच्या कॅमेऱ्यांना आवाज नाही, नुसतं चित्र. शेडमध्ये बायका खाली मान घालून वेचत होत्या. मग एकाच क्षणाला सगळ्यांच्या माना वर झाल्या. सगळ्यांच्या. नवीन लागलेल्या पोरींच्याही, ज्यांनी आयुष्यात तो भोंगा कधी ऐकला नव्हता. कचऱ्याच्या ढिगावर झोपलेलं कुत्रंसुद्धा कान टवकारून उभं राहिलं. गयाबाई तर सगळ्यात शेवटी उठली, पायात चमक भरली होती म्हणून.

"आता बोला साहेब," ती म्हणाली. "म्या कुणाला उठिवलं? मीच मागं राह्यले की."

साहेबांनी घाईनं दुसरा कॅमेरा लावला, ऑफिसचा. त्यात मी दिसले, खिडकीकडं मान वळवलेली. आणि माझ्या मागं केबिनची काच. काचेपलीकडं साहेब. त्याच क्षणाला मान वर. त्यांनी हातातला पेन ठेवला, खुंटीवरची बॅग काढली, खांद्याला लावली, दारापर्यंत आले. मग मनगटावरचं घड्याळ बघितलं. बराच वेळ बघत राहिले. आणि परत जाऊन बसले.



"साहेब, तुमी कामून उठलाव मंग?" गयाबाईनं विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, खरंच विचारत होती.

साहेबांनी स्क्रीन बंद केली. "पाणी प्यायला उठलो होतो. जा, कामाला लागा."

बॅग खांद्याला लावून पाणी प्यायला!

गयाबाईला काढायचा विषय तिथंच संपला. पण जाताना साहेबांनी मला थांबवलं. "तेवढं वाक्य काढा मॅडम. सर्व्हर बंद पडला म्हणा, लाइट गेली म्हणा, काहीही चालेल. भोंगा लिहिलात तर ऑडिटला तुम्हीच उत्तर द्या. नोकरी गेली तर माझ्याकडं येऊ नका."

"देते उत्तर," मी म्हणाले. घरी गेल्यावर घरखर्चाची वही काढून बसले, ते खोटं सांगत नाही. घरात माझाच एकटीचा पगार. पण लाइट गेली नव्हती. मग लाइट गेली असं कसं लिहू? आज एका भोंग्यासाठी खोटं लिहिलं तर उद्या कुणाचे जादा तास खाऊन टाकायला मला कोण अडवणार?

ऑडिटला पुण्याहून एक मॅडम आल्या. त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे काय आहे?"

"जे झालं ते."

"कारखान्यात भोंगा आहे?"

"नाही."

"मग?"

"मग अजून काय लिहिणार मॅडम? वेळ खरी आहे, अंगठे खरे आहेत. माझाही आहे त्यात."

त्यांनी रहीमचाचांना विचारलं, चार-पाच बायकांना वेगवेगळं बोलावून विचारलं. सगळ्यांचं एकच. शेवटी लॅपटॉपवर काहीतरी टाइप केलं आणि पुढच्या पानावर गेल्या. माझी नोकरी राहिली.

त्या दिवशी नंतर काय घडलं, असं प्रत्येक जण विचारतो. आग लागली का, छप्पर पडलं का, कुणी वाचलं का. काही नाही. काहीच घडलं नाही. छप्पर जागेवर, शेड जागेवर. लोकांना मग मजा येत नाही. माझा भाचा म्हणतो, रेल्वेचा भोंगा असेल. अरे बाबा, आमच्या पिंगळी गावातल्या घरामागून रेल्वे जाते, मला रेल्वेचा भोंगा शिकवतोस? दुसरा म्हणाला, सामूहिक भ्रम. असेल. पण रस्त्यापलीकडच्या हॉटेलवाल्याला का नाही झाला? कुत्र्याला कसा झाला?

भूत होतं असं मी म्हणत नाही. भोंग्याला कसलं भूत! काय होतं ते मला माहीत नाही, आणि नसलेलं ज्ञान मी पाजळणार नाही. पण ऐकलं ते ऐकलं.

ऑडिटवाल्यांकडं आमची ती एक नोंद अजून निकाली निघालेली नाही. दरवर्षी मेल येतो, "खुलासा करावा." यंदाही आला. मी यंदाही तेच उत्तर पाठवलं.

खुलासा नाही. नोंद कायम.