पाचवा टायर

स्वस्थ बसणं मला कधी जमलं नाही. कुकरची शिट्टी व्हायची असली तरी मी ओट्यापाशी येरझारा घालते, आणि मी शिकवते त्या शाळेत मुलं पेपर लिहीत असताना वर्गात सगळ्यात जास्त चुळबुळ माझीच असते. त्यामुळे त्या दिवाळीच्या सुट्यांत भिलाईत आमच्या हुडको कॉलनीतल्या घरी जे चाललं होतं, ते सोसणं माझ्या कुवतीबाहेरचं होतं. एका स्टेपनीपायी आमचं जाणं अडून बसलं होतं.

जायचं होतं साकोलीच्या अलीकडच्या एका खेड्यात, मोठ्या मावशीकडे. आईची ही थोरली बहीण. तिनं अन्न जवळजवळ सोडलं होतं. तिच्या सुनेचा रोज सकाळी फोन यायचा आणि रोज तोच निरोप असायचा: दिवसभर पडून असतात, दार वाजलं की तेवढी मान उचलतात आणि धाकटी आली का म्हणून विचारतात. फोन ठेवला की आई माझ्याकडे पाहायची, मी बाबांकडे पाहायची आणि बाबा पोर्चमध्ये उभ्या असलेल्या गाडीकडे पाहायचे.

आईचं मांडीचं हाड वर्षभरापूर्वी मोडलं होतं. आत प्लेट टाकली, हाड जुळलं, पण गुडघा काही वाकेना. तेव्हापासून ती व्हीलचेअरवर होती आणि गाडीत बसायचं तर मागच्या सीटवर पाय लांब करून आडवं बसावं लागायचं. म्हणजे मागची सीट पूर्ण तिची. रेल्वेच्या डब्याच्या पायऱ्या तिला शक्यच नव्हत्या. आणि बहिणीच्या दारात आपल्याला कोणी गठुड्यासारखं उचलून न्यावं, हे तिला मुळीच मंजूर नव्हतं. खुर्ची सोबत येत असेल तरच येते, असं तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. तिचा हट्ट मला पटत होता. मी तिची मुलगी आहे. तिच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

आता गाडी. माझी छोटी गाडी, तिला मी मधे सीएनजी बसवून घेतलेला. त्या सिलिंडरनं डिक्कीचा मोठा भाग खाल्ला. उरलेल्या फटीत स्टेपनी उभी राहायची. ती काढली तर तिथं घडी केलेली व्हीलचेअर मावायची, दोन्ही मावत नव्हत्या. खुर्ची पुढच्या सीटवर ठेवली तर बाबांना जागा नव्हती. मागच्या सीटपुढच्या पायाच्या जागेत घालून पाहिली तर दार लागेना. छतावर कॅरिअर बसवायचा विचार एक दिवस टिकला. स्टेपनी पेलेल इतका छताचा पत्रा धड राहिला नव्हता, आणि खुर्ची वर बांधायची म्हटल्यावर आईनं विचारलं की रस्ताभर लोकांनी माझी खुर्ची पाहत जायची का. मी भाड्याची मोठी गाडी सुचवली. बाबांनी विचारलं, तिच्यातली स्टेपनी कोणी पाहिली आहे?

बाबांचं हे खूळ प्लांटमधलं, म्हणजे भिलाईच्या पोलाद कारखान्यातलं. त्यांची सगळी नोकरी पंप हाऊसमध्ये गेली. तिथं प्रत्येक पंपाला जोडीचा दुसरा पंप असतो, स्टँडबाय. एक चालतो, दुसरा थांबतो, आणि ठरलेल्या दिवशी अदलाबदल होते, तिला चेंजओव्हर म्हणतात. स्टँडबाय नुसता उभा राहिला की गंजतो, ऐन वेळी दगा देतो, म्हणून त्यालाही बरोबरीनं चालवायचं. बाबा रिटायर झाले, पण चेंजओव्हर रिटायर झालं नाही. घरात दोन कुकर होते आणि ते आठवड्याआड बदलत. चष्मे दोन, आळीपाळीनं. बॅटऱ्या दोन. लग्नात मिळालेलं घड्याळ आणि नंतर घेतलेलं घड्याळ, दोघांच्याही वाट्याला सारखे दिवस. आई म्हणायची की बरं झालं, बायकोच्या बाबतीत प्लांटचा नियम लावला नाही.

आणि गाडीचे टायर. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबा जॅक लावून बसत. डिक्कीतली स्टेपनी गाडीला लागायची, गाडीचा एक टायर उतरून डिक्कीत जायचा, आणि कोणाची पाळी कधी होती ते टायरच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिलेलं असायचं. शेजारी हसत. मला मात्र त्याचा अभिमान वाटायचा. आख्ख्या भिलाईत इतकी चोख स्टेपनी दुसऱ्या कोणाकडे नसेल, असं मी शाळेत सांगायची.

तर अशा माणसाला स्टेपनी घरी ठेवून वाटेतलं देवरीचं जंगल ओलांडायला सांगायचं होतं. मी टायर ट्यूबलेस असल्याचं सांगितलं. पंक्चरचं सामान आणि हवा भरायचं यंत्र घेऊन आले, ते त्यांच्यासमोर चालवूनही दाखवलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, टायर बाजूनं फाटला तर? मी चिडून अंगणात जाऊन उभी राहायची, पुन्हा आत यायची, पुन्हा तेच बोलायची. सुट्या संपत चालल्या होत्या. फोन रोज येत होता. मला भीती वाटत होती, उघड सांगते, की एक दिवस फोन उशिरा येईल आणि त्यात वेगळं काही असेल, आणि मग मी बाबांना आयुष्यभर माफ करणार नाही.

शेवटी बाबांनीच तोड काढली. खुर्ची पुढच्या सीटवर ठेवा, स्टेपनी डिक्कीत राहू द्या, मी घरी राहतो.

आईनं लगेच तोंड फिरवलं. कारण तिला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून गाडीत घेणं एकट्या बाबांनाच जमायचं. त्याचीही पद्धत त्यांनी प्लांटमधूनच आणली होती. तिचा ताठ पाय आधी नीट ठेवायचा, आपला गुडघा तिच्या दुसऱ्या गुडघ्याला टेकवायचा, तिचे हात खांद्यावर घ्यायचे आणि क्रेननं वजन उचलताना ते बांधणारे खलाशी ओरडतात तसं हळूच म्हणायचं, "हाबिस." ती उठायची. खाली घेताना म्हणायचं, "आरिया." ती बसायची. मी जवळ गेले की आईचं अंग लाकूड व्हायचं. एक-दोनदा प्रयत्न करून मी तो नाद सोडून दिला होता. उचलून झालं की बाबा खिडकीशी जाऊन पडदा सरळ करत. पडदा सरळच असायचा. छातीत स्टेंट असलेला माणूस दम परत येईपर्यंत तिथं उभा राहतो, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं आणि त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं.

म्हणजे ज्याच्याशिवाय आईचं पान हलत नव्हतं, तो माणूस टायरला जागा मिळावी म्हणून घरी राहायला निघाला होता. माझं डोकंच फिरलं.

मी तडक पोर्चमध्ये गेले, डिक्की उघडली आणि स्टेपनी बाहेर ओढली. ती कुठंतरी लाथाडून द्यावी असं मनात होतं, पण टायर जड असतो, तो लाथाडता येत नाही. मी तिला गाडीच्या मागच्या चाकाला टेकवून उभी केली आणि धापा टाकत तिच्याकडे पाहत राहिले. उगाच हाताला चाळा म्हणून स्टेपनीच्या खाचेत नख घातलं. नख लगेच तळाला लागलं. शेजारच्या चाकाच्या खाचेत घातलं, तिथंही तेवढंच गेलं. मग मी पुढची चाकं पाहिली, पलीकडचंही पाहिलं. सगळीकडे तेच. इतकी वर्षं ही गाडी मी चालवली आणि एकदाही वाकून पाहिलं नव्हतं, कारण टायर हे बाबांचं खातं होतं.

मी त्यांना हाक मारली. ते दारात आले.

"बाबा, पाचही एकसारखेच घासले. आता यातली स्टेपनी कोणती, सांगा."

माझ्या आवाजात जिंकल्याचा जोर होता. त्यांनी त्या आठवड्याचा चष्मा लावला, चाकाचा आधार घेत खाली बसले आणि एकेका टायरवरून अंगठा फिरवत गेले. घाई केली नाही. पाचवा पाहून झाला तेव्हा त्यांना उठता येईना, मी हात दिला, आणि ते पोर्चच्या पायरीवर बसले. मला वाटलं, ते चिडतील किंवा टायरच्या कंपनीला दोष देतील. बराच वेळ ते बोटांवरची काळी धूळ चोळत राहिले.

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी घरात कधी निघाली नव्हती. त्यांच्या पंप हाऊसमध्ये एक जोडी होती. दोन्ही पंपांना त्यांनी अगदी सारखं चालवलं, एका दिवसाचाही फरक पडू दिला नाही. साहेबांनी त्यांची पाठ थोपटली होती. आणि एका हप्त्यात पहिला पंप बसला, म्हणून दुसरा लावला, तर त्याच हप्त्यात दुसराही बसला. दोघांचं वय एकच झालं होतं. प्लांटमध्ये हे शिकलो आणि घरी येऊन पुन्हा तेच केलं, असं म्हणून ते थोडे हसले. माझा जोर कुठल्या कुठे गेला.

आतून आईचा आवाज आला, तुम्ही दोघं बाहेर काय करून राहिले म्हणून. बाबांनी दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "उद्यापासून तुह्या आईले तू उठवजो."

"कावून? तुमी आहा न."

"मी आहो म्हणूनच. मी असतानाच चालवून पाहा लागते."

टायरचं भांडण चाललं आहे असं मी समजत होते. बाबा मात्र त्या पायरीवर बसून आपलंच वय मोजत होते, आणि ते माझ्या ध्यानात यायला त्यांना ते स्वतः म्हणावं लागलं. मला रडू आलं. मी स्टेपनी उचलून भिंतीशी नेऊन ठेवली, तेवढंच काहीतरी करायचं म्हणून.

दुसऱ्या दिवशी बाबा गाडी घेऊन सुपेल्याच्या बाजारात गेले आणि चार नवे टायर बसवून आले. पाचवा घेतला नाही. डिक्कीत खुर्ची ठेवून त्यांनी झाकण लावून पाहिलं, उघडलं, पुन्हा लावलं. जुनी स्टेपनी पोर्चमध्ये राहिली. गंमत अशी की आता मलाच ती हवीशी वाटायला लागली. रस्त्यात काही झालं तर, हे मी म्हणायला लागले.

सकाळ-संध्याकाळ माझी शिकवणी चालायची. बाबा खुर्चीमागे उभे राहून सांगायचे, गुडघा टेकव, घाई करू नको, आधी तिचा श्वास पाहा. माझा सगळा जन्म घाईत गेलेला. पहिल्या खेपेला आई माझ्या खांद्यावरून त्यांना म्हणाली की ही मला पाडते. तिच्या बोटांनी माझ्या खांद्यावर वळ उठले. बाबा पुढे झाले नाहीत. हात मागे बांधून उभे राहिले, आणि त्यांना ते किती जड जात होतं ते त्यांच्या जबड्याकडे पाहून कळत होतं. पुढेपुढे आई लाकूड व्हायची थांबली, पण डोळे मिटून घ्यायची. शब्द मात्र ती माझ्याकडून घेत नव्हती. हाबिस म्हटलं की उठणं, हे ती आणि बाबा यांच्यातलं होतं.

निघालो तेव्हा माझे कान चाकांना लागलेले. राजनांदगाव येईपर्यंत मी तीनदा विचारलं असेल, आवाज वेगळा येतोय का. बाघनदीला चहासाठी थांबलो, बाबांनी उतरून चारही चाकं दाबून पाहिली आणि मान हलवली. देवरीच्या जंगलात रस्त्यावर एका ट्रकच्या टायरची साल पडली होती, तिला वळसा घालून मी गाडी काढली. आई मागे पाय लांब करून बसली होती आणि खिडकीतून बघत होती. हळू चालव, एवढंच ती म्हणाली. रस्त्यात काहीही झालं नाही.

मावशीला अंगणात खाटेवर आणून बसवलं होतं, उशीला टेकवून. गाडीचं दार वाजलं तेव्हा तिनं मान उचलली. मी डिक्कीतून खुर्ची काढली, उघडली, ब्रेक लावला, मागचं दार उघडलं. सगळं घर, शेजारची दोन-चार माणसं बघत होती. आईनं माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. बाबा तिथं नव्हते. ते गाडीच्या मागे गेले होते आणि वाकून, काही गरज नसताना, चाक दाबत होते.

मी आईचा पाय नीट ठेवला. गुडघा टेकवला. थांबले. आईनं हात माझ्या खांद्यावर ठेवले, डोळे उघडे ठेवले आणि स्वतःच हळूच म्हणाली, "हाबिस."

ती उठली. मी तिला खुर्चीत घेतलं, साडीची कड चाकातून सोडवली आणि खुर्ची खाटेपर्यंत ढकलत नेली. मावशीनं तिचा हात धरला आणि सोडलाच नाही. मी मागे सरकले तेव्हा बाबा फाटकाशी उभे होते, रस्त्याच्या बाजूला तोंड करून. आईनं एक हात बहिणीच्या हातात तसाच ठेवून मान वळवली.

"तुमी कुठं चालले?"

"कुठं नाही," बाबा म्हणाले. "इथंच आहो."