काजू कुठचा, हे विचारणारे आतोबा

आज मी जो काही आहे तो आतोबांमुळे, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांमुळे. आणि वस्तूंच्या उलटतपासणीत त्यांचा हात धरणारा माणूस या पृथ्वीवर दुसरा झाला नसेल. परदेशातून आलेला माल कस्टममधून सोडवून देणं, हा त्यांचा आयुष्यभराचा धंदा. त्यामुळे समोरची वस्तू कुठे बनली हे कळल्याशिवाय त्यांचा घास खाली उतरत नसे. साकीनाक्याला, पट्ट्यांची बकलं ठोकणाऱ्या एका कारखान्याच्या वर, एका खोलीत त्यांचा संसार होता. वेंगुर्ल्याजवळच्या गावातून बारावी होऊन मी त्यांच्याकडे राहायला आलो, तेव्हा त्यांनी माझे मार्क विचारले नाहीत. विचारलं, "ही पिशवी कुठची?"

"सावंतवाडीच्या बाजारातली."

"बाजार विकतो रे. शिवली कुणी?"

ते मला माहीत नव्हतं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर त्या बकलांच्या ठोकाठोकीत अभ्यास करून झाला. पदवीचा कागद आत्याने देवापुढे ठेवला, तर आतोबांनी तो उजेडात धरून कागद कुठच्या गिरणीचा ते पाहिलं.

ड्युटीच्या दरांचं एक जाडजूड पुस्तक त्यांच्या उशाशी असे आणि घरातली प्रत्येक वस्तू त्यातल्या कुठल्या ना कुठल्या प्रकरणात बसलेली असे. छत्री सहासष्टाव्या, चपला चौसष्टाव्या. कैरी आठव्या प्रकरणात, पण आत्याने तिचं लोणचं घातलं की ती विसाव्यात जाई. "बघ, तू नुसतं मीठ-मसाला लावलास आणि कैरीची ड्युटी बदलली!" असं ते कौतुकाने म्हणत. आत्या म्हणे, "मग आज आठव्या प्रकरणातलीच चावा." तोंडी व्यवहारावर त्यांचा विश्वास नव्हता. "तोंडी माल सुटत नाही," असं म्हणून ते सिनेमाला जाण्यासाठीही माझ्याकडून अर्ज लिहून घेत आणि त्यातली वाक्यं लाल पेन्सिलीने दुरुस्त करून परत देत. माझं मराठी सुधारलं ते त्या अर्जांनी. आतोबांच्या पुतणीला पाहायला विक्रोळीहून मंडळी आली, तेव्हा मुलाचे वडील म्हणाले, "आम्ही मूळचे देवगडचे." झालं. आतोबा सरसावून बसले. मुलाचा जन्म कुठला? विक्रोळी. शाळा? विक्रोळी. नोकरी? विक्रोळीच. "मग देवगडचा नुसता कच्चा माल," आतोबांनी निकाल दिला, "मुलगा विक्रोळीचा!" वडील गोरेमोरे झाले, पण मुलगा इतका मनापासून हसला, की त्या हसण्यावरच मुलीने होकार दिला.

पुढे मला अंधेरीच्या एका संस्थेत नोकरी लागली. गरीब देशांशी आपला व्यापार कसा असावा, म्हणजे तिथल्या माणसांचं आणि जमिनीचं कायमचं भलं होईल, यावर आम्ही सरकारसाठी टिपणं तयार करतो. यंदा माझ्याकडे काजू आला. आपल्याकडे कारखान्यांत फुटणारा काजू पुष्कळसा आफ्रिकेतून येतो. कच्चा आला तर ड्युटी थोडी, सोलून आला तर भरमसाट. म्हणजे झाडं त्यांची, पण सोलायचं काम त्यांच्या वाट्याला येऊ नये अशी ही व्यवस्था. मी तावातावाने लिहिलं: सोललेल्या काजूवरची ड्युटी ताबडतोब काढून टाकावी. गणपतीला गावी गेलो तेव्हा मसुदा सोबत नेला. आतोबा निवृत्त होऊन आता कुडाळला राहतात आणि त्यांना ऐकू कमी येतं, पण लाल पेन्सिल अजून खिशात असते.

त्यांनी सगळं वाचलं. "झकास लिहिलंस. पण ह्यात तुझी आई कुठे आहे?"

माझी आई पंचवीस वर्षं काजूच्या कारखान्यात आहे. सालीतल्या चिकाने काळवंडलेल्या त्या बोटांवरच माझी शाळा झाली. तरी मी चिडलो. "धोरणात आई कशी घालणार?" असं ओरडून विचारलं. त्यांनी कानामागे हात धरला, मग कागद पुढे केला. मला ते लिहून द्यावं लागलं. लिहिल्यावर ते वाक्य मलाच वाचवेना. दोन दिवसांत मी टिपण उलटं करून आणलं: ड्युटीला हात लावू नये, इथल्या बायकांची पोटं त्यावर आहेत.

"आता आई आली," आतोबा म्हणाले, "पण दुसरी बाई गेली."

"कुठची बाई?"

मग त्यांनी सांगितलं. पुष्कळ वर्षांपूर्वी आफ्रिकेतली एक बाई साकीनाक्याला त्यांच्या टेबलापाशी येऊन बसली होती. तिच्या गावातल्या बायकांनी शेड घालून काजू सोलला होता, त्याची पहिलीच खेप. माल सोडवायला, तो त्यांच्याच गावचा आहे असा दाखला हवा होता. त्याचे रकाने इतके किचकट, की ते चुकले होते. माल अडला. "मी तिला नियम समजावत होतो. तिने टेबलावर हात ठेवले. अरे, तुझ्या आईचे हात! तोच काळा चीक. आणि मी नियमच सांगत राहिलो. नियम बरोबर होता ना." एवढं बोलून ते बराच वेळ पेन्सिलीला टोक काढत बसले.

घरी येऊन मी आईलाच विचारलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "त्येंका सोलूक येता तर सोलूदेत. त्येंची पण पोरां असतलीच. पण आमका आधी सांगा. सकाळी जावन दाराक टाळा बघूचा, असा नको."

मुंबईला परतून मी तिसऱ्यांदा लिहिलं. आमच्या संस्थेच्या प्रमुख मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "ड्युटी काढायची की नाही? उत्तर एक दे ना."

"मॅडम, बायका दोन आहेत."

त्यांनी टिपण पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. दुसऱ्या दिवशी मी आतोबांना लिहिलेलं पत्र असं:

"तीर्थरूप आतोबांस, साष्टांग नमस्कार.

टिपण काल वर सरकारकडे गेलं. ड्युटी एकदम न काढता काही वर्षांच्या मुदतीत टप्प्याटप्प्याने उतरवावी. गावातल्या शेडला भरता येईल असा एक पानाचा सोपा दाखला असावा. आणि त्या मुदतीत आपल्याकडच्या बायकांना भाजण्याचं, मसाला लावण्याचं, बोंडांच्या रसाचं काम शिकवावं, मगच पुढचा टप्पा. तुमच्या त्या बाईबद्दल मी नाव न घेता लिहिलं आहे. नाव तुम्हालाही आठवत नव्हतं. मॅडमनी सही केली. पण मुदतीचा भाग वर कुणी कापला, तर माझ्या हातात काही नाही. तसं झालं तर आईचा कारखाना बंद पडेल आणि त्या कागदावर माझी अक्षरं असतील.

म्हणून सोमवारी मी येतो. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या आवारात उभं राहून सगळ्या बायकांना काय लिहिलंय ते सांगणार आहे, कापलं जाऊ शकतं हेसुद्धा. त्या रागावतील. आईही त्यांच्यातच बसलेली असेल. तुम्ही माझ्याशेजारी उभे राहाल का? बोलू नका काही. नुसते उभे राहा.

तुमचा."