कलमसाहेबांच्या शिवीचं भाषांतर

“तोंड आवर, अशफाक! तिकडे तरी तोंड आवर!”

श्रीवर्धनच्या स्टँडवरून एसटी हलली होती, अब्बा खिडकीबरोबर पळत ओरडत होते आणि स्टँडवरची पाचशे माणसं (बरं, अकरा) माझ्या तोंडाकडे बघत होती. लोकांचे वडील निघताना दुआ देतात. मला ताकीद मिळाली, आणि ती मी कमावलेली होती.

आमच्या गावच्या फुटबॉल स्पर्धेचा माईक माझ्याकडे असायचा. आवाज असा की माईक बंद पडला तरी जंजिऱ्यापर्यंत स्कोअर पोचायचा. त्या वर्षी फायनलला पलीकडच्या वाडीतला कुणीतरी आमच्या गोलकीपरला ओरडला, पाकिस्तानात जा. मी माईकवरून उत्तर दिलं. त्याच्या देवापासून सुरुवात केली आणि खाली खाली येत गेलो. काय बोललो ते लिहीत नाही, हे अब्बाही वाचतील. दहा मिनिटांत दगड आले. त्यानंतर त्या मैदानावर स्पर्धा झाली नाही, आता तिथे मासळी वाळते. दगड कसेही आलेच असते, असं मी स्वतःला पुष्कळ समजावलं. पटलं नाही.

म्हणून गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे इकडे आलेल्यांनो, तुम्हाला हे सांगायचंय.

सौदीत रास अल खैरला समुद्राचं पाणी गोडं करतात. मी तिथल्या पंपांवर आहे. गावी समुद्र न विचारता अंगणात यायचा. इथे तो पाईपातून, परमिट घेऊन येतो. पहिलं वर्षभर मी इतका गप्प होतो की रूममेटने मला मुका समजून सहा महिने खुणा केल्या.

माझं तोंड उघडलं ते मकॅलम यांनी. आमचे मेंटेनन्सचे साहेब, कॅम्पच्या फुटबॉल टीमचे मॅनेजर, गाव ग्लासगो. आम्हा कोकण्यांच्या जिभेवर आठवड्यात त्यांचं कलम झालं. कलमसाहेबांचं इंग्रजी इंग्रजांनाही कळत नसावं. मला कळायचं, कारण रागावल्यावर मीही तसाच बोलतो. झालं, मी दुभाषी. ते बाहेरून तीन शब्द ओरडायचे, मी हिंदीत तीस. “मागे या” एवढंच ते म्हणायचे. मी सांगायचो, मागे या बाबांनो, पुढे काय सासुरवाडी आहे?

एकदा चहा पिताना त्यांनी आपली गोष्ट सांगितली. त्यांच्याकडे ख्रिश्चनांचे दोन पंथ, दोन्हींचे आपापले क्लब, आणि दर शनिवारी स्टेडियमभर एकमेकांच्या धर्माचा उद्धार. नवा माणूस भेटला की विचारतात, शाळा कुठली. तेवढ्यावर पंथ कळतो. साहेब एका छोट्या क्लबचे मॅनेजर होते. प्रेक्षक त्यांच्या पंथावरून, आईवरून रोज बोलायचे. एके दिवशी साहेबांनी प्रेक्षकांकडे वळून हाताने त्यांच्या पंथाची टर उडवणारी एक खूण केली. बाटल्या आल्या, बंदी आली, नोकरी गेली. मी म्हटलं, आमच्यात शाळा नाही, पूर्ण नाव विचारतात. चौगुले म्हटलं की लोक पाट पुढे सरकवतात, अशफाक म्हटलं की पाट जागीच थांबतो. साहेब इतके हसले की चहा नाकातून आला.

कॅम्पचा नियम मात्र साधा होता. मैदानावर कुणाच्या धर्मावरून शब्द निघाला तर खलास. दोन्ही टीमचे इकामे, म्हणजे इथे राहायचे परवाने, रद्द, सगळे घरी.

शुक्रवारी दुपारच्या असरच्या नमाजनंतर रास तनुराहून आलेल्या टीमशी मॅच होती. त्यांचा मॅनेजरही ग्लासगोचा, दुसऱ्या पंथाचा. आम्ही गोल केल्यावर तो कलमसाहेबांकडे बघून एक शब्द ओरडला. शब्द मी कधी ऐकला नव्हता, पण चाल लगेच ओळखली.

साहेबांनी माझी कॉलर धरली. एकच वाक्य बोलले; त्यात त्या माणसाचं चर्च होतं, आई होती आणि त्याच्यासाठी खेळणारी सगळी पोरं होती. “हिंदीत ओरड,” म्हणाले, “त्याच्या पोरांना कळू दे.”

कुंपणापाशी सिक्युरिटीची जीप उभी होती. बावीस खेळाडू माझ्याकडे बघत होते. खरं सांगतो, भाषांतर तयार होतं. मूळ वाक्याहून सरस. असं आयुष्यात एकदाच सुचतं. तेवढ्यात आमचा गोलकीपर देशपांडे दिसला, नाशिकचा. तो हातमोजे काढत होता, मारामारीसाठी. पुढच्या आठवड्यात त्याची बायको आणि मुलगी येणार होत्या. त्याने खिडक्यांना पडदेसुद्धा लावले होते.

मी पोट भरून श्वास घेतला आणि कुवेतला ऐकू जाईल असा ओरडलो, “साहेब बोल रहे हैं, धूप बहुत है, दोनों टीम पानी पियो!”

सुदानी रेफ्रीने लगेच शिट्टी दिली, बिचाऱ्याचाही घसा वाळला असणार. दोन्ही टीम एकाच कूलरपाशी गेल्या. पलीकडच्या मॅनेजरला हिंदी येत नव्हतं. आपल्याला जगातली सर्वांत घाण शिवी बसली, असं समजून तो मुठी आवळून उभा होता. देशपांडेनेच त्याच्या हातात पेला दिला, आमच्या साहेबांकडून म्हणून. त्याने पेल्यात दोनदा वाकून बघितलं आणि प्याला. मॅच एक-एक सुटली. जीप आली तशी गेली.

माझ्या छातीवरून ट्रकभर चिरे उतरले. इतकी वर्षं गाव आठवलं की आधी तो माईक आठवायचा, आणि मी आठवण तिथेच बंद करायचो. हल्ली आधी आमचा ओटा आठवतो, त्यावर बसलेले अब्बा, मागे समुद्राचा आवाज. बघत बसतो. घर म्हणजे माझ्यापुरतं आता एवढंच, की तिकडे बघता येतं.

मैदानावरून खोल्यांकडे परतणाऱ्या बसमध्ये कलमसाहेब शेजारी येऊन बसले. माझं ते वाक्य ऐकून सगळे पाणी प्यायला कसे गेले, असं त्यांनी विचारलं. मी काय ओरडलो ते खरंखरं सांगितलं आणि बसमधून फेकले जाण्याच्या तयारीने बॅग घट्ट धरली.

साहेबांनी त्याच बॅगेच्या कप्प्यातली माझी पाण्याची बाटली ओढून काढली आणि एका दमात रिकामी केली.

“मलाही तहान लागली होती,” म्हणाले.